महामार्ग ५३ आणि स्वस्त पिस्तुलाचा पत्ता

अमरावतीहून नागपूरकडे निघालं की बारा-पंधरा किलोमीटरवर नांदगाव पेठ लागतं. टोलनाका, ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, आणि मागे औष्णिक वीज केंद्राच्या उंच चिमण्या. १३५० मेगावॉटचं हे केंद्र आणि त्याभोवती पसरलेली एमआयडीसी यांनी गावाचा चेहरामोहरा बदलून टाकला. आता इथली ओळख कापडाची. टेक्सटाइल पार्कात रेमंडसारख्या कंपन्यांच्या गिरण्या आहेत आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्काचं भूमिपूजन झाल्यापासून हजार एकरांची भाषा गावात सर्रास ऐकू येते. वऱ्हाडचा कापूस शंभर वर्षं मुंबई-मँचेस्टरला गेला; आता तो इथेच शर्ट होऊन बाहेर पडावा, असा हा सारा खटाटोप.

कापडाच्या गावात एक प्रश्न मात्र रोजचा आहे. दोन शर्ट दिसायला सारखे. एक तीनशेला, एक तीन हजारांना. फरक कुठे आहे? सुतात, विणीत, शिवणीत, की कॉलरमागच्या चिठ्ठीवर छापलेल्या गावाच्या नावात? शर्टाच्या बाबतीत उत्तर चुकलं तर फार तर पहिल्या धुण्यात रंग जातो. पण हाच प्रश्न पिस्तुलाला विचारला तर?

हा प्रश्न मनात यायला कारण वर्तमानपत्रं. ‘देशी पिस्तूल व दोन जिवंत काडतुसांसह एकास अटक’ ही बातमी अमरावती-अकोल्याच्या पानांवर इतक्या वेळा येते, की तिच्याकडे लक्षही जात नाही. बातमीत पिस्तूल सापडतं ते बसस्थानकामागे, लॉजवर, दुचाकीच्या डिक्कीत. ते बनलं कुठे, याची एखादी ओळ असली तर शेवटी असते. त्या ओळीच्या मागे पश्चिमेकडे जाऊन पाहायचं ठरलं. सोबत आयटीआयमध्ये टर्नरचा ट्रेड शिकवणारा जुना मित्र होता. रस्ता सरळ होता: राष्ट्रीय महामार्ग ५३.

निघण्याआधी मित्राने नांदगाव पेठच्या एका वर्कशॉपसमोर गाडी थांबवली. आत लेथवर पोलादी सळी फिरत होती आणि निळसर बुरादा खाली पडत होता. “हे पाय,” तो म्हणाला, “हे ईएन-१९, मिश्रधातूचं पोलाद. अन् तो कोपऱ्यातला पाइप एमएसचा, म्हन्जे साध्या पोलादाचा. रंग दिला तं तुले दोन्ही सारखेच दिसतीन. पण दाब आला का एक सांभाळते अन् दुसरा फाटते. पिस्तूल म्हन्जे काय बे? दाब सांभाळाचं भांडं.”

व्याख्या अचूक होती. काडतुसातली दारू पेटते तेव्हा काही सहस्रांश सेकंदांत नळीत प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. तो वायू गोळीला पुढे ढकलतो, पण ढकलतो सगळीकडेच. मागे, बाजूंना, धरणाऱ्याच्या हाताकडेही. चांगल्या नळीचं पोलाद मिश्रधातूचं असतं. त्याला हार्डनिंग आणि टेम्परिंग दिलेलं असतं, म्हणजे ठरलेल्या तापमानाला तापवून, विझवून, पुन्हा बेताने तापवलेलं. ही पायरी गाळली तर धातू एक तर मऊ राहतो किंवा काचेसारखा ठिसूळ होतो. बाहेरून दोन्ही चकचकीतच. स्वस्त पिस्तुलाची स्वस्ताई पहिल्यांदा इथे, न दिसणाऱ्या जागी होते.

अमरावतीत परवानाधारक शस्त्रविक्रेत्याचं दुकान शोधावं लागलं. जुनी लाकडी कपाटं, भिंतीवर साखळीने बांधलेल्या बारा बोअर बंदुका, टेबलावर जाडजूड नोंदवह्या. दुकानदार काकांनी पहिल्यांदा विचारलं, “लायसन आहे का?” नाही म्हटल्यावर हसले आणि चहा मागवला. गिऱ्हाईक कोण येतं, असं विचारलं तर म्हणाले, “शेतकरी. रोही अन् रानडुकरं पीक ठेवत नाईत, तं त्याईले बंदूक पायजे. पिस्तूल मागणारे येगळे. त्याईले वावर राखाचं नसते.”

कायदेशीर पिस्तुलाचा पत्ता भारतात फार लांबलचक नाही. नागरिकांना मिळू शकणारी पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं बहुतांश .३२ बोअरची. लष्कर-पोलिसांचं ९ मिलिमीटर सामान्य माणसाला वर्ज्य. अनेक दशकं ही हत्यारं फक्त सरकारी आयुध निर्माण्यांतून येत. ‘अशनी’ हे .३२ पिस्तूल पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या रायफल फॅक्टरीचं, तर रिव्हॉल्व्हर कानपूरचं. कानपूरच्याच फील्ड गन फॅक्टरीने २०१४ च्या सुरुवातीला स्त्रियांसाठी म्हणून ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचं, टायटॅनियम मिश्रधातूचं रिव्हॉल्व्हर काढलं. त्याची किंमत होती सुमारे सव्वा लाख रुपये. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या आणि छोटी हत्यारं कानपूरच्या कंपनीकडे गेली. अलीकडे खासगी कारखानेही आले: उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे वेब्ली अँड स्कॉटच्या नावाची रिव्हॉल्व्हरं बनतात, हरियाणात हिस्सारला ब्राझीलच्या टॉरसशी भागीदारीतला कारखाना उभा राहिला.

मग भारतात ‘स्वस्त पिस्तूल’ कोणतं? काकांचं उत्तर स्पष्ट होतं: कायदेशीर बाजारात असं काही नाही. १९८० च्या दशकाच्या मध्यावर सामान्य नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात थांबली. तेव्हापासून जी जुनी वाल्थर, वेब्ली देशात होती तेवढीच हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव लाखांवर लाख चढले. तिकडे युरोपात ज्या जुन्या पिस्तुलाला कोणी फारसं विचारत नाही, ते इथे गाडीच्या किमतीला जातं. म्हणजे आपल्याकडे किंमत दर्जा सांगत नाही, टंचाई सांगते. आणि जिथे खरा माल महाग आणि दुर्मीळ, तिथे खोट्या मालाला गिऱ्हाईक मिळतं.

काकांनी कपाटातून एक रिव्हॉल्व्हर काढलं, रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं आणि चौकटीवरचे बारीक ठसे दाखवले. कारखान्याची खूण, अनुक्रमांक, आणि प्रूफचा ठसा. “बाकी सगळं पॉलिश आहे,” ते म्हणाले, “वाचायचं ते हे.”

प्रूफ म्हणजे परीक्षा. हत्यार विकण्याआधी त्यातून नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस झाडलं जातं. माणूस दूर, हत्यार पकडीत. नळी फुगली, चौकट तडकली, कुलूप सैल झालं तर माल बाद. टिकला तरच ठसा. ही पद्धत फार जुनी. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ चं, आणि १९१४ मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरात या ठशांना देशोदेशी मान्यता देणारी आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या संस्थेच्या नियमाप्रमाणे पिस्तुलाची परीक्षा ठरलेल्या कमाल दाबाच्या तीस टक्के जास्त दाबाने होते. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या पाचव्या कलमानुसार हत्यार बनवणं, विकणं, दुरुस्त करणं इतकंच नव्हे, तर त्याची परीक्षा घेणंही परवान्याशिवाय चालत नाही. ओळखीच्या खुणा खोडणं हा वेगळा गुन्हा.

अमरावती सोडून अकोल्याच्या दिशेला लागलो. लोणीपासून पुढचा रस्ता म्हणजे जून २०२२ मध्ये गिनीज बुकात गेलेला रस्ता: ७५ किलोमीटरची डांबरी मार्गिका १०५ तास ३३ मिनिटांत, अखंड. तेव्हा वऱ्हाडाची छाती फुगली होती. मित्र मात्र खिडकीतून डांबराकडे पाहत म्हणाला, “रेकॉर्डनं किती लवकर झालं ते समजते. कसं झालं ते पावसाळा सांगते.” पिस्तुलाची परीक्षा कारखान्यात घेतात, रस्त्याची निसर्ग घेतो, पण बनवणाऱ्याने स्वतःच्या मालाला स्वतःच शाबासकी देऊ नये, हे दोन्हीकडे सारखंच.

मूर्तिजापूर मागे पडलं. अकोल्याच्या उत्तरेला, अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या कड्यावर नरनाळा किल्ला आहे आणि त्यावर ‘नऊगजी’ तोफ अजून पडून आहे. त्याच परिसरातल्या अडगावच्या मैदानावर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनानी आर्थर वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला आणि डिसेंबरच्या मध्यावर गाविलगड घेतला. त्याआधी सप्टेंबरात असईला मराठ्यांच्या ज्या तोफा त्याच्या हाती लागल्या, त्यांचा दर्जा पाहून इंग्रज चकित झाले होते. महादजी शिंद्यांनी युरोपीय सेनानी द बॉयन्यच्या मदतीने आग्र्याला तोफांचा कारखाना उभारला होता. ओतीव काम उत्तम, मापं सारखी. बिहारमधल्या मुंगेरचीही गोष्ट तशीच. बंगालचा नवाब मीर कासिमने १७६० च्या दशकात तिथे शस्त्रागार थाटलं आणि तिथल्या बंदुका ईस्ट इंडिया कंपनीच्या बंदुकांच्या तोडीच्या, काहींच्या मते सरस ठरल्या. ‘देशी’ म्हणजे कच्चा माल, हे समीकरण त्या काळात कोणाला पटलं नसतं.

ते समीकरण नंतर घडवलं गेलं. १८५७ च्या उठावानंतर हत्यारबंदी कडक झाली आणि लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. मग बनवणाऱ्याने करायचं काय? मोठे कारखाने सरकारजमा, छोटे कारागीर देशोधडीला. ज्यांना दुसरा धंदा मिळाला ते विळे, कढया, कुलपं करू लागले. काहींची कला लपून राहिली, आणि लपलेल्या कलेला परीक्षक नसतो.

अकोल्यात एका मैदानालगतच्या छोट्या नेमबाजी केंद्रात थांबलो. दहा मीटरवर कागदी लक्ष्यं, ओळीने उभी मुलं-मुली, हातात हवेवर चालणारी पिस्तुलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हापासून विदर्भातल्या छोट्या शहरांतही पालक चौकशी करू लागले. ४.५ मिलिमीटरपर्यंतच्या आणि २० जूलपेक्षा कमी ऊर्जेच्या हवेच्या हत्याराला परवाना लागत नाही, त्यामुळे मध्यमवर्गीय घराला परवडणारं आणि कायद्यात बसणारं ‘बजेट पिस्तूल’ खऱ्या अर्थाने हेच.

इथल्या प्रशिक्षक मॅडमनी दोन पिस्तुलं शेजारी ठेवली. एक जर्मनीतल्या वायराउख कंपनीचं, ‘बीमन पी-३’ या नावाने अमेरिकेत विकलं जाणारं. दुसरं ‘पी-१७’, त्याच आराखड्यावर चीनमध्ये बनलेलं, किंमत सुमारे चौथाई. “नवीन असताना दोन्ही जवळजवळ सारखंच मारतात,” त्या म्हणाल्या. “चिनीची नळी वाईट नाही. पण त्याचं सील लवकर हवा सोडतं. मग मुलगा म्हणतो, मॅडम माझा नेमच बिघडला. नेम त्याचा नसतो बिघडलेला.”

हे उदाहरण या सगळ्या प्रवासातलं सर्वांत स्वच्छ. आराखडा एकच, देश दोन. चीनमध्ये बनलं म्हणून वाईट, असं म्हणायला नळी तयार नाही. चौथाई किमतीत बसवायचं तर कुठे तरी काटछाट होणारच, आणि ती रबराच्या कडीत झाली, कारण दुकानात ती कोणाला दिसत नाही. ऑलिम्पिकच्या पातळीवर मात्र ऑस्ट्रियाचं स्टायर, स्वित्झर्लंडचं मोरिनी, इटलीचं पार्दिनी, जर्मनीचं वाल्थर आणि फाइनवेर्कबाउ हीच नावं फिरतात. तिथे ट्रिगरचा ताण ग्रॅमच्या हिशेबात जुळवायचा असतो आणि तो दहा हजार वेळा ओढला तरी तसाच राहावा लागतो.

अकोल्यापुढे बाळापूरचा किल्ला बाजूने डोकावून गेला आणि खामगाव आलं. खामगावची चांदी! लग्नाच्या खरेदीला लोक दूरदूरहून इथे येतात ते नक्षीसाठी कमी, शुद्धतेच्या खात्रीसाठी जास्त. गावाचं नाव हीच हमी. पण हे नाव हवेतून आलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या सराफांनी विकलेली चांदी परत घेताना घट धरली नाही, म्हणून ते नाव झालं. गावाचं नाव दर्जा देत नाही. दर्जा वर्षानुवर्षं टिकला की गावाला नाव मिळतं. उलट क्रमाने कोणी सांगू लागला तर सावध व्हावं.

नांदुरा, मलकापूर असा सपाट रस्ता. दोन्हीकडे कपाशी. मित्र गाडी चालवत होता आणि मी त्याला जगातल्या स्वस्त पिस्तुलांच्या कहाण्या सांगत होतो.

अमेरिकेने १९६८ मध्ये कायदा करून छोट्या, हलक्या दर्जाच्या परदेशी पिस्तुलांची आयात रोखली. हेतू चांगला. पण बंदी आली ती आख्ख्या पिस्तुलावर, सुट्या भागांवर नव्हे. जर्मनीतल्या रोम कंपनीची रिव्हॉल्व्हरं मग सुटे भाग आणून मायामीत जोडली जाऊ लागली. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रेगन यांच्यावर झाडलं गेलेलं रिव्हॉल्व्हर तसंच होतं. भाग जर्मनीचे, जोडणी फ्लोरिडाची. मग बनलं कुठे? कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या आसपास तर रेव्हन, जेनिंग्ज अशा कंपन्यांचं जाळंच उभं राहिलं. त्यांची पिस्तुलं जस्ताच्या मिश्रधातूत साच्यातून ओतलेली. पोलाद घडवण्यापेक्षा जस्त ओतणं कितीतरी स्वस्त, पण झीजही तितकीच जलद. अमेरिकेत बनलं म्हणून ती चांगली झाली नाहीत.

“जस्त म्हटलं का बादच?” मित्राने विचारलं.

तसंही नाही. ओहायोतली हाय-पॉइंट कंपनीसुद्धा जस्ताचंच ओतकाम वापरते आणि अनेक वर्षं तिचं पिस्तूल दोनशे डॉलरांच्या आत मिळत आलं. बोजड, कुरूप, वजनदार. पण मऊ धातूची भरपाई तिने जाडीने आणि वजनाने केली, नळी पोलादाची ठेवली, आणि आयुष्यभर फुकट दुरुस्तीची हमी दिली. हसणारे हसतात, पण पिस्तूल चालतं. स्वस्त आणि बेभरवशाचं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या कुरूप पिस्तुलाने सिद्ध केलं.

सगळ्यांत बोलकी कहाणी तुर्कस्तानची. काळ्या समुद्राच्या काठावर त्राब्झोन, गिरेसुन या भागात घरोघरी चोरून पिस्तुलं बनवण्याची परंपरा होती. १९९० च्या दशकात तिथे सरकारी योजनेतून या कारागिरांना परवान्याच्या छत्राखाली आणण्याचे प्रयत्न झाले आणि तिसास, गिरसानसारख्या कंपन्या उभ्या राहिल्या. यंत्रं आली, प्रूफ आलं, अनुक्रमांक आले. आज त्यांची पिस्तुलं अमेरिकेच्या दुकानांत स्वस्त आणि भरवशाची म्हणून विकली जातात. डोंगर तेच, समुद्र तोच. बदलला तो परीक्षक.

मुक्ताईनगर ओलांडून वरणगाव. महामार्गाला लागूनच आयुध निर्माणीची हद्द. उंच भिंत, काटेरी तारा, फोटो काढण्यास मनाई असल्याच्या पाट्या. इथे पिस्तुलं बनत नाहीत. इथे बनतात लष्कराच्या छोट्या हत्यारांची काडतुसं, ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची. पण पिस्तुलाच्या दर्जाची निम्मी गोष्ट काडतुसाची असते, म्हणून इथे थांबणं भाग होतं. गावात निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका काकांच्या ओसरीवर बसलो. कामाचे तपशील ते सांगणार नव्हते आणि आम्ही विचारणारही नव्हतो. त्यांनी तत्त्व सांगितलं.

“काडतूस एकेक तपासता येत नाही,” ते म्हणाले. “झाडलं की संपलं. म्हणून लॉटमधून नमुने घ्यायचे. वेग मोजायचा, दाब मोजायचा, ओल लागते का पाहायचं. नमुना नापास तर आख्खा लॉट अडला. वरून कितीही घाई असो. आमच्याकडे माल बनवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. त्या दोघांचं पटायचं नाही कधी. पटलं नाही म्हणूनच काम नीट झालं.”

माल बनवणारा वेगळा, पास करणारा वेगळा. नांदगाव पेठपासून जे शोधत होतो ते या ओसरीवर एका वाक्यात सापडलं.

महाराष्ट्रात नागरी काडतुसांचाही पत्ता आहे: पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना, १८६९ चा. काडतुसाच्या बुडाशी ‘केएफ’ ही अक्षरं दिसली की ते खडकीचं. पुण्यातच पाषाणला संरक्षण संशोधन संस्थेची आयुध प्रयोगशाळा आहे. तिने महूच्या इन्फन्ट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे ९ मिलिमीटरचं मशीन पिस्तूल विकसित केलं आणि जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झालं. वरचा भाग विमानात वापरतात त्या दर्जाच्या ॲल्युमिनियमचा, खालचा कार्बन फायबरचा, ट्रिगरचे काही भाग थ्रीडी प्रिंटिंगने घडवलेले, आणि विकासाला लागले चार महिने. अंदाजे उत्पादनखर्च पन्नास हजारांच्या आत. नंतर हैदराबादच्या लोकेश मशीन्सला उत्पादनाचं काम मिळालं आणि २०२४ मध्ये लष्कराच्या नॉर्दर्न कमांडने साडेपाचशे नग मागवले. कल्पना एकीकडची, आराखडा पुण्याचा, घडण हैदराबादची, पण प्रत्येक टप्प्यावर कागद आणि सही. परदेशी मशीन पिस्तुलाच्या तुलनेत हे स्वस्तच. पण इथे स्वस्ताई आली ती नव्या साहित्यातून आणि नव्या पद्धतीतून, परीक्षा गाळून नव्हे.

भुसावळहून महामार्ग सोडला आणि यावलमार्गे चोपड्याकडे वळलो. केळीच्या बागांमागून बागा, मध्ये मध्ये घड भरणारे ट्रक. उजव्या हाताला सातपुड्याची निळी भिंत सतत सोबत. चोपड्याहून लासूर, सत्रासेनच्या बाजूला रस्ता डोंगरात शिरतो आणि महाराष्ट्राची हद्द संपते तिथे उमर्टी हे नाव येतं. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे मध्य प्रदेशात बडवानी जिल्ह्यात दुसरं. वऱ्हाड-खानदेशातल्या कितीतरी अटकांच्या बातम्यांचा माग शेवटी या पलीकडच्या उमर्टीपर्यंत, किंवा खरगोनच्या सिग्नूर आणि बुऱ्हाणपूरच्या पाचोरीपर्यंत पोचतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवाईसाठी गेलेल्या चोपडा ग्रामीण पोलिसांच्या पथकावर उमर्टीत जमावाने हल्ला केला आणि एका पोलिसाला पळवून नेलं; पुढे त्याची सुटका झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पुणे पोलिसांनी इथे मोठे छापे घालून भट्ट्या मोडल्या. आम्ही चोपड्याच्या पुढे गेलो नाही. जाण्याचं कारणही नव्हतं. जे समजून घ्यायचं होतं ते चोपड्याच्या चहाच्या टेबलावर, पोलिसांच्या कामाची माहिती असलेल्या लोकांकडून कळत होतं.

या डोंगरातले कारागीर बहुतांश शिकलगार शीख. तलवारी घडवणं, धार लावणं, पाणी देणं हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. गुरूंच्या फौजांसाठी हत्यारं करणारे म्हणून ते आपला इतिहास सांगतात. हात विलक्षण. समोर कारखान्यातलं पिस्तूल ठेवलं तर कानशीने त्याची हुबेहूब नक्कल उतरवणारे. सगळे शिकलगार हे करतात असं मुळीच नाही. महाराष्ट्रात त्यांची कितीतरी कुटुंबं किल्ल्या, कढया, बादल्या, फॅब्रिकेशनवर इमानाने जगतात, आणि त्या डोंगरातल्या गावांतही शेती-मजुरी करणारी घरं आहेत. जातीवर शिक्का मारून प्रश्न सुटत नाही, फक्त बातमी सोपी होते.

हात इतका तयार, तर मग पिस्तूल वाईट का? मित्राने टर्नरच्या भाषेत एकेक कारण सांगितलं. धातू मिळेल तो: गाडीचे भंगार भाग, पाइप, पट्ट्या. कोणत्या तुकड्यात कोणता धातू, हे बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. हार्डनिंग अंदाजाने. माप गेजने नव्हे, डोळ्याने. त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसत नाही. काडतूस नळीत किती घट्ट बसावं याला मिलिमीटरच्या शतांशाचा हिशेब लागतो. तो सैल झाला की पितळी खोळ फाटून वायू मागे येतो. ‘कट्टा’ म्हणतात त्या एकनळी हत्यारात तर पुष्कळदा .३१५ चं रायफलचं काडतूस घातलं जातं, ज्याचा दाब पिस्तुलाच्या काडतुसापेक्षा बराच जास्त. तो दाब पाइपच्या नळीने सोसावा अशी अपेक्षा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत येणाऱ्या अशा हत्यारांत फुटलेली नळी ही नवलाची गोष्ट नाही, आणि ज्याची बोटं जातात तो दवाखान्यात खरं कारण सांगत नाही.

यंत्रावर बनलेली, वर परदेशी कंपनीचं नाव कोरलेली नक्कलही बाजारात येते. तिची चकाकी जास्त फसवी. कोरलेलं नाव इटलीचं, धातू भंगारबाजाराचा. इथे ‘कुठे बनलं’ हेच खोटं लिहिलेलं असतं. पहिली गोळी सुटली म्हणजे पिस्तूल चांगलं, असा समज करून घेणाऱ्याला दहाव्या गोळीचं काय होईल हे सांगणारा या साखळीत कोणीही नाही. विकणारा पुन्हा भेटणार नाही, तक्रार करायला दुकान नाही, अनुक्रमांक नाही. वर शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर असं हत्यार बनवण्याला किंवा विकण्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

परतीच्या वाटेवर मित्र म्हणाला, “त्याईचा हात आमच्या आयटीआयले भेटला असता तं?” प्रश्न भाबडा वाटला तरी त्राब्झोनने त्याचं उत्तर दिलेलं आहे. पोलीस छापे घालतील, भट्ट्या मोडतील, ते करायलाच हवं; पण भट्टी मातीची असते, आठवड्यात पुन्हा उभी राहते. हात मात्र तोच असतो. त्या हाताला सीएनसी यंत्र, पगार आणि वर तपासणारा दुसरा माणूस मिळाला तर तोच हात व्हॉल्व्ह, साचे, शस्त्रक्रियेची अवजारं करू शकतो. बडवानी-खरगोनच्या डोंगरातली मुलं शिकून या धंद्यातून बाहेर पडावीत असा आग्रह त्या समाजातूनही धरला जातो. त्याला नांदगाव पेठसारख्या एमआयडीसीची जोड मिळायला हवी.

पिस्तूल कुठे बनतं याने दर्जावर परिणाम होतो का? होतो, पण नकाशावरच्या नावामुळे नव्हे. जर्मनीत रद्दी बनली आहे, चीनमध्ये चांगली नळी, तुर्कस्तानच्या चोरट्या डोंगरात भरवशाचा माल, आणि आग्र्याला इंग्रजांना थक्क करणाऱ्या तोफा. दर्जा ठरतो तो त्या ठिकाणी बनवणाऱ्याच्या मालाला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार असलेला दुसरा कोणी हजर आहे की नाही यावर. जिथे तो आहे, तिथे स्वस्त वस्तूही निभावते. जिथे तो नाही, तिथे महागडीसुद्धा जुगार. नांदगाव पेठच्या नव्या पार्कात उद्या हजारो शर्ट रोज तयार होतील. त्यांच्या चिठ्ठीवरचं ‘अमरावती’ हे नाव खामगावच्या चांदीसारखं व्हायचं असेल, तर तिथल्या मालकांनी वरणगावच्या त्या काकांचं म्हणणं मनावर घ्यावं: शिवणाऱ्याचं आणि पास करणाऱ्याचं कधी पटू देऊ नये.